बायोटेक घ्यावं का? पुण्यात एवढ्या कंपन्या म्हणतात, मग पोरं आयटीत का दिसतात?

सिंहगडरोडवाली:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावीला आहे. बायोलॉजी मनापासून आवडतं पण डॉक्टर व्हायचं नाही म्हणते. जानेवारी २०२१ मधे सातवीत होती, टीव्हीवर रोज हडपसर, मांजरी, लस हेच चालू, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपण लस बनवायची. म्हणून बायोटेक.

आता माझी अडचण. नणंदेचा मुलगा एमएससी बायोटेक, चांगला फर्स्ट क्लास, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. समोरच्या बिल्डिंगमधली एकजण बायोटेक करून आता ब्रेड बेकिंगचे क्लास घेते. आणि इकडे पेपरात रोज येतं की भारताची बायोइकॉनॉमी इतके अब्ज आणि तितके अब्ज. हे अब्ज जातात कुठे? पुण्यात एवढं सगळं आहे तर या पोरांना तिथे का घेत नाहीत? जाणकारांनी सांगा, घरी रोज वाद होतोय.

खवचट_पुणेकर:
बायोटेक जरूर घ्यावं. चार-पाच वर्षांनी आयटीत यावं. पोचायचं तिथेच असतं, फक्त चांदणी चौकासारखं फिरून यावं लागतं.

आणि ब्रेडचे क्लास म्हणजे बायोटेकच की, यीस्ट आहे ना त्यात.

शतपावली:
+१ खवचट. माझा भाचा पण तसाच. वाचतेय.

पिपेट_ताई:
लशींच्याच एका कंपनीत क्यूसीला (म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात) ११ वर्षं काढली (नाव विचारू नका), त्यामुळे जरा लांबण लागेल.

ताई, सगळा घोळ नावाने केलाय. कॉलेजात बायोटेक म्हणजे डीएनए, पीसीआर, क्लोनिंग. जेलवर डीएनएची केशरी पट्टी उमटली की पोरांना आकाश ठेंगणं होतं, माझंही झालं होतं. कंपनीत डीएनएला हात लावणारी माणसं मूठभर. शेकड्याने माणसं लागतात ती बॅच चालवायला, बाटल्या भरायला, तपासायला आणि लिहायला. हो, लिहायला! लिहिलं नाही तर ते केलंच नाही, हे पहिल्याच दिवशी कानात ओततात. पान खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, सही, तारीख, कारण. व्हाइटनर दिसलं तर तुमची गच्छंती.

आणि लशीची बॅच भरून झाली म्हणजे झालं असं नाही. स्टरिलिटी टेस्टलाच (लशीत जंतू शिरलेत का ते बघायला) १४ दिवस नळ्यांकडे बघत बसायचं की कुठे गढूळ होतंय का. मग पोटन्सी (लशीत पुरेसा जोर आहे का), एन्डोटॉक्सिन (जंतूंचं विष उरलंय का). मग नमुने कसौलीच्या सरकारी लॅबला. तिथून होकार आला की ट्रक हलतो. कोविडमधे लोक म्हणायचे लस तयार आहे तर देत का नाहीत, तेव्हा आम्ही आत नळ्या मोजत होतो.

या कामाला मायक्रो, केमिस्ट्री, बीफार्मवाले चालतात, खरं सांगायचं तर आधी त्यांनाच घेतात कारण त्यांना जीएमपी (औषध बनवताना पाळायचे नियम) म्हणजे काय ते निदान ऐकून माहीत असतं. मी स्वतः मायक्रोची. २०१२ ला लागले तेव्हा हातात १४ हजार यायचे आणि कंपनीची बस स्वारगेटहून पहाटे ५:४० ला. आठ तास तो गाऊन घालून आत, एकदा शिरलं की पाणी प्यायला बाहेर यायचं तरी परत सगळं सोपस्कार. नणंदेच्या मुलाने टेस्टिंग पत्करलं यात मला तरी काही चूक दिसत नाही.

डेव्हिएशन झालं (ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं) की कापा भरायचा, त्यात आयुष्याची चार वर्षं गेली असतील.

खवचट_पुणेकर:
@पिपेट_ताई, कापा की बरका?

पिपेट_ताई:
हाहा. आमच्याकडे फक्त कापाच असतो, आणि गरे ऑडिटर खातो.

(कापा म्हणजे चूक का झाली, ती कशी सुधारली आणि परत होऊ नये म्हणून काय केलं त्याचा कागद. नवीन लोकांसाठी.)

नाना_पिंपरीकर:
सगळे २०२१ पासून सुरू करता, जरा मागे या. माझं बालपण एचए कॉलनीत गेलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४. देशात पेनिसिलिन बनलं पाहिजे म्हणून सरकारने डब्ल्यूएचओ आणि युनिसेफची मदत घेऊन पिंपरीत उभी केलेली कंपनी. तेव्हा आजूबाजूला माळरान होतं. वडील फर्मेंटेशनला होते. पेनिसिलिनच्या बुरशीला मक्याचं आंबलेलं पाणी घालतात, त्याचा वास त्यांच्या कपड्यांना कायम, आई वेगळी बादली ठेवायची. बायोटेक हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं पण टनांनी जंतू वाढवायचे, त्यांना हवा-पाणी-खाणं वेळेवर द्यायचं आणि दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, हे या गावातली माणसं तेव्हापासून करतायत.

नुसतं बनवणं नाही, शोध पण लावले. हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध तिथल्या संशोधकांनी शोधलं, ते ज्या जंतूपासून मिळतं त्याचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आहे. गुगल करा. आमच्या पिंपरीचं नाव जंतूला आहे, पुण्याचं आहे का?

खवचट_पुणेकर:
@नाना, पुण्याचं नाव द्यायचं तर जंतूने दुपारी १ ते ४ काम बंद ठेवायला हवं. बॅच फुकट जाईल.

अब्ज_बिब्ज:
धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे, अब्ज जातात कुठे.

सरकारी आकडा असा की २०१४ मधे बायोइकॉनॉमी १० अब्ज डॉलर होती आणि २०२४ मधे १३० अब्जाच्या पुढे गेली. ऐकायला छान. पण त्यात काय काय मोजलंय ते बघा. औषधं, लशी, टेस्ट किट तर आहेतच, बीटी कापूस आहे, औद्योगिक एन्झाइम आहेत आणि पेट्रोलमधे मिसळायचं इथेनॉल पण आहे. म्हणजे आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या पण बायोटेकमधे. त्यामुळे आकडा वाढला म्हणून तुमच्या मुलीला हडपसरमधे नोकरी वाढली असं गणित मांडू नका.

शतपावली:
म्हणजे आमचे बारामतीचे मामा बायोटेकवाले निघाले! ऊस लावतात.

परदेशात_मुक्काम:
वाईट वाटून घेऊ नका पण आपल्याकडे जे वाढलंय ते कॉपी करणं वाढलंय. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, बनवायच्या पद्धतीला होतं, म्हणून दुसऱ्या वाटेने तेच औषध बनवून स्वस्तात विकता आलं. २००५ ला कायदा बदलला. लशीत पण तेच, कोविशील्ड ऑक्सफर्डची, मलेरियाची आर२१ पण ऑक्सफर्डची. आपण बाटल्या भरणारे. मुलीला खरंच संशोधन करायचं असेल तर बाहेर पाठवा.

पिपेट_ताई:
@परदेशात, बाटल्या भरून दाखवा एकदा. सांगते नंतर.

वीस_लिटर:
आम्ही दोघा मित्रांनी स्टार्टअप काढलंय, एका एन्झाइमवर काम चालू आहे, इतकंच सांगतो. आयडी का असा ते वाचून कळेल.

@परदेशात_मुक्काम, घरी चार जणांचा मसालेभात उत्तम करणाऱ्या माणसाला चारशेच्या पंगतीचं पातेलं द्या. तांदूळ तोच, मसाला शंभरपट, पण खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. आचारी वेगळा का असतो? आमचं वीस लिटरच्या टाकीत सगळं गोडीगुलाबीत चालतं. हजार लिटरला गेलो की मधल्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, जोरात ढवळलं तर पेशी फुटतात आणि फेस येतो तो वेगळाच. हे पुस्तकात असतं पण हातात यायला वर्षं जातात आणि बऱ्याच बॅच गटारात. (निर्जंतुक करून, हो.) पेटंट उघडं असलं तरी हे ज्ञान कोणी देत नाही.

उदाहरण देतो, पुण्याचंच. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा पट्टा आहे, ए प्रकारच्या जंतूच्या साथी यायच्या. गिऱ्हाईक गरीब म्हणून मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. तिथल्या लोकांनी सांगितलं की डोस ५० सेंटच्या आत असेल तरच आम्हाला परवडेल. म्हणजे आधी किंमत ठरली आणि मग लस बनवायला घेतली! जंतूच्या साखरेला प्रथिन जोडायचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या (तिकडचं औषध नियामक खातं) लॅबचं, पैसा गेट्स फाउंडेशनचा, जुळवाजुळव पाथ ही संस्था आणि डब्ल्यूएचओची, आणि ते तंत्र शिकून मोठ्या टाकीत उतरवून त्या किमतीत देणारी आपल्या हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट. डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत सुरुवात झाली. २०१२ ला परवानगी मिळाली की ही लस ४० अंशापर्यंतच्या उन्हाळ्यात चार दिवस फ्रीजबाहेर चालेल, म्हणजे बर्फाच्या पेट्या वाहणं वाचलं. ३० कोटींच्या वर लोकांना दिली आणि त्या प्रकारच्या साथी जवळजवळ थांबल्या. आता याला कॉपी म्हणायचं तर म्हणा बापडे.

परदेशात_मुक्काम:
माहिती चांगली आहे, मेंदूज्वराचं ठाऊक नव्हतं. पण माझा मुद्दा तिथेच आहे ना, तंत्र अमेरिकेचं. आपल्याकडून मुळातून नवीन काय?

भाग्यनगरचा_मराठी:
पुणेकरांनो, जग लकडी पुलाच्या पलीकडे पण आहे. शांता बायोटेक, हैदराबाद, १९९३. आपल्या देशात बनलेली पहिली रिकॉम्बिनंट (दुसऱ्या जिवात जनुक घालून बनवलेली) हिपॅटायटिस बीची लस, १९९७. आधी आयात लस इतकी महाग होती की मध्यमवर्गीय पण विचार करायचा, यांनी आणल्यावर भाव कोसळला. इकडे जीनोम व्हॅलीत एकाशेजारी एक कंपन्या आहेत, कोव्हॅक्सिन पण इथलीच.

हडपसरकर:
@भाग्यनगर, कोव्हॅक्सिनचा विषाणू कुठून नेला? पुण्याच्या एनआयव्हीतून (राष्ट्रीय विषाणू संस्था) :)

आणि पाषाणला बीएसएल-४ (सगळ्यात घातक विषाणूंसाठीची) लॅब आहे ती पण त्यांचीच. १९५२ पासून आहे ती संस्था पुण्यात, रॉकफेलर फाउंडेशनबरोबर सुरू झालेली. कोविड आल्यावर देशभरातले नमुने सुरुवातीला तिकडेच यायचे.

आमच्या सीरमचं पण सांगतो, सगळ्यांना वाटतं आधी कंपनी मग घोडे. उलटं आहे. पूनावालांचा आधी घोड्यांचा स्टड फार्म. म्हातारे घोडे मुंबईला हाफकिन संस्थेला जायचे, घोड्याला विषाचा थोडा थोडा डोस टोचून त्याच्या रक्तातून धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन काढतात त्यासाठी. मग घरचेच घोडे आहेत तर आपणच का करू नये, म्हणून १९६६ ला कंपनी. आज डोस मोजले तर जगात सगळ्यात मोठी.

१२ जानेवारी २०२१ ला पहाटे कोविशील्डचे पहिले ट्रक मांजरीच्या कारखान्यातून एअरपोर्टला निघाले, नारळ-बिरळ फोडून. मी त्या थंडीत मुद्दाम स्वेटर घालून बघायला गेलो होतो. पोलिसांनी लांबच थांबवलं, दिवेच फक्त दिसले.

नाना_पिंपरीकर:
घोड्यांवरून आठवलं, सर्पदंशाचं औषध अजून घोड्यापासूनच बनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींचं एकत्र. जुन्नर तालुक्यात नारायणगावला पण एक कंपनी बनवते. आमच्या मावसभावाला घोणस चावली होती राजगुरुनगरजवळ, वाचला. त्याला अजून सांगतो, तुझ्या अंगात घोड्याचं रक्त आहे, तरी चालायला आळस.

शतपावली:
नाना __/\__

पिपेट_ताई:
नाना, रक्त नाही, त्यातली अँटिबॉडी. पण जोक चालू द्या.

परदेशात_मुक्काम:
नवीन काय या माझ्या प्रश्नाला सफाईने बगल दिली सगळ्यांनी.

वीस_लिटर:
देतो की उत्तर. हिंजवडीच्या जेनोव्हाने एमआरएनए लस बनवली. फायझरची लस उणे ७० ला ठेवायची होती, यांची साध्या फ्रीजमधे २ ते ८ अंशाला. जून २०२२ ला आणीबाणीची परवानगी मिळाली, ओमिक्रॉनची पुढच्या वर्षी आली, तिची तर पावडरच. घ्या, नवीन. पण तोवर कोविड ओसरला होता, लस घ्यायला रांगा राहिल्या नव्हत्या. वेळ चुकली की नावीन्य असून उपयोग नाही, आणि त्या वेळात मोठ्या परदेशी कंपनीकडे जळवायला जेवढे पैसे असतात तेवढे इथे कोणाकडे नसतात.

माझंच बघा. बायरॅक या बायोटेकसाठीच्या सरकारी संस्थेकडून बिग नावाची ग्रँट मिळते, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. आमच्यासारख्यांना ती म्हणजे देव आहे, एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारात व्हेंचर सेंटर आहे तिथे महागडी यंत्रं भाड्याने वापरता येतात, तेही देव. पण त्या १८ महिन्यांतले पाच महिने माझे एन्झाइम शुद्ध करायच्या एका परदेशी रेझिनची वाट बघण्यात गेले. एप्रिल २०२१ आठवतोय? अदर पूनावालांनी थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना ट्वीट करून कच्च्या मालाची निर्यात सोडा म्हणून विनंती केली होती. एवढ्या मोठ्या माणसाची ती गत. टाकीत घालायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, फिल्टर, पेशींचं खाणं, यातलं बरंच अजून बाहेरून येतं. लस पुण्याची, पिशवी बाहेरची.

सिंहगडरोडवाली:
बापरे, दोन दिवस सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनमधे होते, आज उघडला तर एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. घोडे, फणस, मसालेभात सगळं झालं, पण माझ्या लेकीचं काय करू ते कोणी सांगेना :)

खवचट_पुणेकर:
सासूबाईंच्या डोळ्याला कुठली लेन्स घातली? भारतीय का आयात? (इथे आता हेच विचारायचं असतं.)

सिंहगडरोडवाली:
भारतीय. आयात परवडत नव्हती. हसू नका.

सरकारी_खाक्या:
उशिरा आलो. एक गोष्ट राहिली, सगळे खाजगी कंपन्यांचे पोवाडे गातायत. लसीकरणाचा पाया सरकारी कारखान्यांचा. कसौली, कुन्नूर, गिंडी या तिन्ही सरकारी ठिकाणचं उत्पादन २००८ ला जीएमपी पाळलं नाही म्हणून बंद केलं, २०१० ला परत चालू केलं, पण मधल्या काळात बाजार खाजगीकडे सरकला तो सरकलाच. वाढ वाढ म्हणताना कोणाची वाढ ते पण बघा.

पिपेट_ताई:
@सरकारी_खाक्या, शेवटचं वाक्य मान्य. त्याआधीच्या टाळ्याबद्दल इतकंच, जीएमपी पाळणं म्हणजे इमारत, हवा, पाणी सगळं बदलायला पैसे लागतात, ते सरकारने स्वतःच्या कारखान्याला वेळेवर दिले नाहीत आणि मग स्वतःच टाळं लावलं. तिथल्या माणसांना काम येत नव्हतं असं अजिबात नाही, त्यांच्यातल्या काहींनी आम्हाला शिकवलंय.

बरं, ताई, तुमच्या लेकीचं. मी माझ्या भाचीला सांगितलं तेच सांगते.

बीएस्सीच्या फॉर्मवर बायोटेक लिहिलंय की मायक्रो याने फार फरक पडत नाही. केमिस्ट्री आणि स्टॅट्स सोडू नको म्हणावं. बायोलॉजी आवडते म्हणून गणित सोडलेली पोरं पुढे बॅचचा डेटा बघून गांगरतात. इंजिनीअरिंगच्या बाजूने जायचं असेल तर बायोप्रोसेस, वीस_लिटर म्हणतात तो मसालेभात, त्या माणसांना मागणी आहे आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. विद्यापीठाच्या बायोटेक विभागात (आधीचं आयबीबी) पाच वर्षांचा एकसलग एमएससीचा कोर्स आहे, तो बघा. नाहीतर बीएस्सीनंतर गॅट-बी (बायोटेकच्या एमएससीची देशभरची प्रवेश परीक्षा) दिली तर पुण्याबाहेरच्या संस्थांतही जाता येतं. आणि संशोधनच करायचं असेल तर पीएचडीशिवाय पर्याय नाही, म्हणजे वयाची तिशी, हे आत्ताच घरात बोलून घ्या, नंतर स्थळं आणू नका मधेच.

आणि पगार पहिली तीन वर्षं हसण्यासारखा असेल. माझ्याबरोबर लागलेल्या सहा जणींतल्या दोघीच टिकलो. पण टिकलेल्यांना आता बोलावणी येतात, चाकण, शिरवळ, हैदराबाद, कारण ऑडिटला सामोरं जाणारी माणसं कॉलेजात तयार होत नाहीत.

एक आठवण सांगते. मार्च २०२० मधे पुण्याच्या मायलॅबने देशातला पहिला कोविडचा पीसीआर किट काढला. त्या टीमच्या प्रमुख मिनल दाखवे भोसले नऊ महिन्यांच्या गरोदर होत्या. किट तपासणीला एनआयव्हीकडे गेला आणि त्याच सुमारास बाळ झालं. आम्ही सगळ्या डब्याच्या वेळेला तीच बातमी वाचत होतो. शिफ्ट सुपरवायझर म्हणाला बघा, काम असं असतं. मी म्हटलं सर, आधी पाळणाघर काढा. अजून नाही काढलं.

शतपावली:
शेवटच्या परिच्छेदाला +१००.

नाना_पिंपरीकर:
सूनबाई (तुम्ही वयाने तेवढ्याच असाल), मुलीला २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला एनसीएलला घेऊन जा. दारं उघडी असतात, रांग असते पण पोरांना यंत्रं दाखवतात, प्रश्नांची उत्तरं देतात. सकाळी लवकर जा.

सिंहगडरोडवाली:
सगळा धागा तिला वाचायला दिला. मला वाटलं पगाराचं वाचून मागे फिरेल. ती म्हणते चारशे जणांचा मसालेभात का लागतो ते मला समजून घ्यायचंय, आणि गणित सोडणार होते ते आता नाही सोडत. क्लासची फी भरायच्या आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं म्हटलं.

पिपेट_ताई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, पाच मिनिटं तिच्याशी बोलाल का?

पिपेट_ताई:
बोलते. रविवारी दुपारी फोन करा. १ ते ४ सोडून.

खवचट_पुणेकर:
जंतू पुण्याचाच निघाला.